काकांचा लाँचवरचा अँटेना

काकांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. ते जाऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला मनात धरतेस, असं माझी मुलगी म्हणते. धरते, माझी मर्जी. माणूस गेला म्हणून त्यानं केलेलं जात नाही. आमच्या जुन्या घराच्या परसात एक बांबू उभा होता आणि त्या बांबूच्या टोकाला एक पांढरीशुभ्र, गुळगुळीत, दीड माणूस उंचीची काठी बांधलेली होती. ती काठी म्हणजे काकांचा अँटेना. मुंबईच्या बंदरात ज्या लाँचवर ते सारंग होते, त्या लाँचचा. समुद्रापासून इतक्या आत, भिवपुरीच्या भातखाचरांत, जिथे उल्हास नदीत उन्हाळ्यात म्हशीसुद्धा नीट बुडत नाहीत, तिथे आमच्या घरावर बोटीचा अँटेना लागला होता आणि त्याच्याकडे मान वर करून बघायची कुणाची टाप नव्हती.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तरुणपणी मुंबईला गेले, खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन परत आले. लाँच चालवणारा, तिच्यावरच्या सगळ्या माणसांचा मुकादम, तो सारंग. त्यांच्या पगारावर घराला कौलं चढली, बाबा शिकले आणि भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये चिकटले. हे आम्हांला माहीत होतं, कारण काका ते रोज सांगायचे. पगारी नोकरीतून मोकळे झाल्यावर ते काकीला घेऊन गावी आले आणि आमचं घर म्हणजे लाँच आणि आम्ही सगळे खलाशी, असा कारभार सुरू झाला. पहाटे उठून ओटीवर उभं राहायचं, आभाळ बघायचं, वारा कुठून आहे ते मोठ्यानं सांगायचं. वाऱ्याचं आम्हांला काय करायचं होतं? झोडणीच्या दिवसांत भात वारवायला लागतो तेवढा वारा आम्हांला कळत होता. काकी बिचारी लठ्ठ, हसरी, पायानं अधू. त्यांना मूलबाळ नव्हतं. मुंबईत आयुष्य काढूनही तिनं बंदर कधी पाहिलं नव्हतं, कारण काकांनी दाखवलं नव्हतं.

जेवणावरून रोज कटकट. आमच्याकडे वालाचं बिरडं, नाचणीची नाही तर तांदळाची भाकरी, पावसाळ्यात शेवळं, कुर्डू, बाकी बारा महिने सुकट आणि वाकट्या. काकांना हलवा मासा हवा, तोही ताजा. कर्जतच्या बाजारातून बाबा मासे घेऊन आले की काका कल्ले उघडून बघायचे आणि ताट येण्याआधीच तो मासा कधी मेला ते सांगायचे. मग आई तोच मासा इतका सुंदर करायची, आगळ आणि त्रिफळं घालून, की ते दोनदा मागून खायचे आणि हात धुताना म्हणायचे, "बर्फातला होता." आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत असायची. त्या थापण्याच्या आवाजावरून तिच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं. असं काही काका बोलले की पुढची भाकरी जरा जोरात थापली जायची.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आई काकांशी बोलत नव्हती. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराला तोंड दाखवायचं नाही, त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. काका माजघरात येताना दारातच घसा खाकरायचे. तो आवाज आला की आईचा पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली आणि पाठ त्यांच्याकडे. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हे असंच. मग दोघांमध्ये बोलायचं काही असलं तर ते माझ्यामार्फत. आई म्हणायची, "सुमे, इचार तुझ्या काकांना, भात वाढू का." काका हातभरावर बसलेले, सगळं ऐकू येत असायचं. तरी मी म्हणायची, "काका, भात वाढू का." मग काका मला म्हणायचे, "सांग, नको," आणि मी आईला सांगायची, "नको." शाळेत जायला लागल्यापासून मी हे काम करत होते. मी निरोप नुसता पोचवत नसे, माझं मीठ त्यात घालत असे, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. आई म्हणाली, "सांग, सुकट संपली," की मी म्हणायची, "काका, सुकट संपली, तुमी काल दोनदा घेतली ना." आई पदराआड हसायची. तेवढीच तिला गंमत.

पॉवरहाऊसमधले एक साहेब बदलून गेले, तेव्हा बाबांनी त्यांच्याकडून टीव्ही विकत घेतला. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, दारांना कुलूप. आमच्या वाडीतला पहिला. मुंबई इथून काही फार लांब नाही, पण मधे माथेरानचा डोंगर आडवा पडलाय. कर्जतच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक आगाऊ माणूस होता, तो बाबांना म्हणाला, "डोंगराला जरा सरका म्हणावं." तरी त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, फणीसारखा अँटेना विकलाच. उंच बांधा, माथेरानच्या उत्तरेकडच्या टोकाच्या दिशेनं धरा, पडद्यावर थोड्या मुंग्या आल्या तरी माणसं ओळखू येतील, असं सांगितलं. बाबा तो खांद्यावर टाकून भिवपुरी स्टेशनापासून शेतांच्या बांधांवरून चालत आले. वाटेत माणसं कामं सोडून बघत होती. बाबांचा चेहरा त्या दिवशी जसा होता तसा मी पुन्हा फारसा पाहिला नाही.

काका ओटीवर बसले होते. त्यांनी त्या फणीकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर बोंबील वाळवणार हायस काय रं?"

बाबा म्हणाले, "टीव्हीचा अँटेना हाय, दादा."

"अँटेना मला शिकवतोस?" असं म्हणून काका आत गेले आणि माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली ती पांढरी काठी काढून घेऊन आले. लाँच भंगारात गेली तेव्हा त्यांनी ती मागून घेतली होती. मग सुरू झालं व्याख्यान. ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. बोटीसाठी अँटेना निवडायचा म्हणजे खेळ नाही. काठी जितकी लांब तितकी ती लांबचं ऐकते, पण लांब काठीचं ऐकणं पसरट, ताटलीसारखं असतं. बोट डुलली की ताटली कलते, अर्धी पाण्यात, अर्धी आभाळात, आणि मधलं काही ऐकू येत नाही. आखूड काठी जवळचंच ऐकते, पण बोट कितीही डुलली तरी ऐकते. बंदराच्या तोंडाशी लाँच फार डुलते, म्हणून ऑफिसानं लांब काठी द्यायचं ठरवलं असताना काकांनी मधल्या मापाची मागून घेतली, भांडून घेतली, आणि एका वादळात सगळ्या लाँचा मुक्या झाल्या तेव्हा काकांचीच बोलत होती. काठी उंच लावावी, तार आखूड ठेवावी, जोड खाऱ्या हवेपासून झाकावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काठी नेहमी उभी. "काठी आडवी झाली म्हंजे बोट बुडाली," असं म्हणून ते थांबायचे आणि ऐकणाऱ्यानं मान हलवावी अशी वाट बघायचे.

हे सगळं खरं होतं. मी त्यांच्या वाट्याचं त्यांना देते. माझा जावई असल्याच कामात आहे, त्याला मी मुद्दाम विचारलं, तर तो म्हणाला, "बोटीपुरतं तुमच्या काकांचं अगदी बरोबर होतं हो." बोट कुठेही तोंड फिरवते, म्हणून तिला चारी दिशांनी ऐकणारी उभी काठी लागते, आणि बंदरातून बोलणारी काठीही उभीच असते. पण मुंबईहून येणारा टीव्हीचा सिग्नल आडवा असायचा. त्याला धरायला आडव्या नळ्या लागायच्या, आणि एका दिशेला तोंड करून बसलेल्या. घर काही तोंड फिरवत नाही. जावयानं हे मला पाच मिनिटांत समजावलं. काकांना समजावणारा अजून जन्माला यायचा होता.

बाबांनी फणी गोठ्याच्या माळ्यावर ठेवून दिली. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता आणि अजून पुरता गेलेला नाही. परसाच्या कोपऱ्यातल्या मेढीच्या खांबाला बांबू बांधला, टोकाला काठी, आणि बांबूला तीन बाजूंनी दोर, काकांच्या खलाशी गाठी मारून. काळी तार माजघराच्या खिडकीतून आत. खिडकीखालीच स्टुलावर टीव्ही. संध्याकाळी सगळी वाडी जमली, काकांनी कुलूप काढलं, दारं सरकवली, बटण दाबलं, आणि तांदूळ पाखडावेत तसे पांढरे ठिपके उडायला लागले. ते ठिपके मग कायमचे. आवाज मात्र यायचा, कधी खरखरीत तर कधी अगदी स्वच्छ. बातम्या ऐकायच्या, गाणी ऐकायची. लोक हळूहळू म्हणायला लागले, रेडिओच बरा होता, त्याला कुलूप तरी नव्हतं. काका म्हणायचे, डोंगराचा दोष. मग म्हणायचे, पेटीचा दोष, त्या साहेबानं बिघडलेली गळ्यात मारली. एकदा बाबांनी कर्जतच्या त्या दुकानदाराला बोलावलं. तो सायकलवरून आला, वर बघून हसला आणि म्हणाला, "ही काठी आडवी तरी करा, नायतर काढून मासे पकडा." काकांनी त्याला बांधापर्यंत शिव्या देत पोचवला. आईनं त्याच्यासाठी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

आई धवलारीण होती. आम्ही आगरी, आमच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. हळद लावताना, चूल मांडताना, पाणी आणताना, प्रत्येक विधीला तिचं गाणं, तो धवला. ती गायला बसली की वरमायसुद्धा तिच्या तोंडाकडे बघून हात हलवते. आई हे तिच्या आईकडून शिकली होती. आवाज मोठा नव्हता, पण लांब चालायचा, मधे श्वास कुठे घेते ते कळायचं नाही. खालापूरपासून कशेळ्यापर्यंत तिला बोलावणी यायची. घरात मान खाली घालून वावरणारी माझी आई लग्नाच्या मांडवात दुसरीच बाई व्हायची. हळदीच्या वेळी सगळ्यांना गप्प करायची. ती तशी मला फार आवडायची.

महिला मंडळाचं काम बघणाऱ्या एक बाई तालुक्याहून यायच्या. त्यांनी तिला कुठल्याशा लग्नात ऐकलं आणि टीव्हीवाल्यांना सांगितलं. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा, त्यात गावोगावची गाणी दाखवायची होती. काका तेव्हा कुणाच्या तरी दहाव्याला अलिबागकडे गेले होते. बाबांनी आयुष्यात एकदा छाती करून "जा" म्हटलं. आई, दोन शेजारणी आणि त्या बाई अशा चौघी मुंबईला जाऊन आल्या. आल्यावर आई काकीला आणि मला सांगत बसली, भाकऱ्या करायच्या विसरून. थंडगार खोली होती म्हणे, भर उन्हाळ्यात अंगावर काटा येईल अशी. तोंडाला पावडर लावली. एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, बाई, पदर जरा मागं घ्या, चेहऱ्यावर सावली पडते.

"मग?" काकीनं विचारलं.

"घेतला मागं," आई म्हणाली. "आन तशीच गायली." मग म्हणाली, "मी गाताना कशी दिसते ते मला ठावंच नाय. तुमी सगळी बघता. मला बघायचंय गं एकदा."

घरात आरसा होता तो वितभर, बाबांच्या दाढीचा. फोटो एक होता, लग्नातला, त्यात आईचं तोंड मुंडावळ्यांनी झाकलेलं. कार्यक्रम कुठल्या संध्याकाळी दाखवणार ते बाईंनी सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की एकदाच. आत्ताच्या मुलांना हे कळणार नाही. माझी नात तिची स्वतःची दहा रूपं जेवता जेवता बघते. तेव्हा एकदा म्हणजे एकदा.

काका परत आले आणि त्यांना कळलं. घसा न खाकरता ते थेट माजघरात आले, इतके भडकले होते. आई गडबडीनं भिंतीकडे वळली. "सुमे, इचार तिला, कुणाला इचारून गेली?"

मी विचारलं. आई भिंतीला म्हणाली, "सांग, यांना इचारून."

"सांग तिला, मांडवात गायची ती बायकांत. आता साऱ्या मुंबईला तोंड दाखवून आली. माझी मानसं बघतील लाँचवरची. सारंगाच्या घरातली बाई पदर टाकून गाते म्हनतील."

आई म्हणाली, "सांग, झालं ते झालं. पन त्या दिवसापुरती ती काठी काढा आन यांनी आनलेला अँटेना लावा. दुसऱ्या दिवशी परत लावा तुमची काठी. मी येवढं कदी मागितलं नाय."

मी ते तसंच सांगितलं. या वेळी मीठ घातलं नाही.

काका म्हणाले, "सांग, काठी माझ्या मयताला काढायची."

पुढचे दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. बाबा एकदा गोठ्यातून फणी काढून परसात गेले होते. काका बांबूला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "मला बाजूला कर आन लाव." बाबा फणी घेऊन परत गोठ्यात. मग त्यांनी आईला सुचवलं की पॉवरहाऊसच्या क्वार्टर्समध्ये एकाकडे चांगलं दिसतं, तिथे जाऊन बघू. आई म्हणाली, "माझ्या घरात पेटी हाय. मी परक्याच्या दारात बसून माझंच तोंड बघू? नाय." इतकं सरळ ती बाबांशीही कधी बोलली नव्हती. आणि त्या संध्याकाळी बाबांची दुसरी पाळी होती. नेमकी. ती त्यांनी मागून घेतली होती असं माझं मत आहे. बाबा नाही म्हणायचे.

त्या दिवशी माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या शेजारणी बरोबर गेल्या होत्या त्यांच्या माहेरची माणसंसुद्धा आली होती. काका मधोमध खुर्चीवर, कुलपाची किल्ली करगोट्याला. त्यांनी टीव्ही लावला, हे मी नाकारत नाही. न लावण्याइतकं धाडस एवढ्या लोकांसमोर त्यांनाही नव्हतं. काकी त्यांच्या पायाशी पाय लांब करून बसली होती. आई स्वयंपाकघराच्या दाराआड, चौकटीला धरून, फक्त एक डोळा बाहेर. ठिपके उडत होते. कुणीतरी खतांबद्दल बोलत होतं. मग एक बाई म्हणाली, आता रायगड जिल्ह्यातल्या महिला, आणि आईचा आवाज आला.

इतका स्वच्छ आवाज त्या पेटीतून मी कधी ऐकला नव्हता. हळदीचा धवला होता. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. "आगो, हीच गं." पडद्यावर ठिपके, नुसते ठिपके, मधेच एक काळसर हलतंसं काहीतरी, ती आई होती की शेजारीण ते देवाला ठाऊक. मी आईकडे पाहिलं. ती चौकटीतून पूर्ण बाहेर आली होती आणि त्या ठिपक्यांत डोळे बारीक करून शोधत होती. मला रडू यायला लागलं, संतापानं. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "दिसत नाय रं काय."

तेव्हा काका बोलले. खुर्चीत मागे रेलून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आवाज येतोय ना? मग झालं. बाईचं तोंड बघून काय करायचंय? तोंड घरात असू द्यावं."

आई निघाली. परसाकडे जायला स्वयंपाकघरातून मागचं दार होतं, तिकडून गेली नाही. माजघराच्या मधून, माणसांच्या पायांतून वाट काढत, काकांच्या खुर्चीसमोरून गेली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. जाताना तिनं ओटीवरच्या खुंटीचा कोयता घेतला. मी तिच्या मागं धावले. परसात येऊन तिनं दोराची गाठ सोडायचा प्रयत्न केला. काकांची गाठ, ती कसली सुटते. एका घावात तिनं दोर तोडला आणि तुटलेलं टोक हाताला गुंडाळून घेतलं. बांबू कलला, मेढीवर करकरला आणि धाडकन कौलांवर पडला, आढ्यावर आडवा. दोन-तीन कौलं फुटून खाली आली. दोर ताणून आई तशीच उभी राहिली, कारण सोडला असता तर बांबू आढ्यावरून घसरून आमच्या डोक्यात आला असता.

आत एकदम गलका झाला. "दिसलं, दिसलं!"

मी खिडकीशी गेले, गजांतून डोकावले. टीव्ही खिडकीखालीच, म्हणून मला त्याची पाठ दिसत होती. धावत ओटीवरून आत आले आणि माणसांच्या डोक्यांवरून पाहिलं. ठिपके होते, पण त्यांच्यामागे माझी आई होती. पूर्ण तोंड, कपाळ, कुंकू, मान किंचित डावीकडे. डोळे मिटून गात होती. मी धावत परत परसात. "आये, ये, दिसतेस तू. चल लवकर. दे मी धरते."

तिनं दोर माझ्या हातात द्यायला घेतला. बांबू हलला. आतून सगळे ओरडले, "गेलं, गेलं." आईनं दोर परत ओढून घेतला. आतून कुणीतरी म्हणालं, "आलं, आलं, हलवू नका." मी म्हटलं, "पण तू बघायचंस ना गं." ती म्हणाली, "सोड. तुला पेलायचा नाय. मागं हो." हाताला दोर रुतला होता. खिडकीतून तिला टीव्हीची पाठ दिसत होती आणि समोर बसलेली सगळी माणसं, त्यांच्या तोंडांवर पडलेला पांढरट उजेड. ती त्यांच्याकडे बघत होती. तिचं गाणं तिच्या घरातून तिलाच ऐकू येत होतं.

आत काका मान खाली घालून बसले होते. रीत त्यांनाही होतीच; धाकट्या भावाच्या बायकोच्या तोंडाकडे थोरल्या दिरानं बघायचं नाही. सगळी वाडी टीव्हीकडे बघत होती आणि ते स्वतःच्या पायांकडे.

आईनं खिडकीतून हाक मारली. "भावजी."

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांना मारलेली ही पहिली हाक. माजघरातली माणसं वळून बघायला लागली. काकांनी मान वर केली नाही.

"भावजी, बघा," आई म्हणाली. ओरडली नाही. "मी दोर धरलाय. तुमी बघा."

काकीनं बसल्या जागेवरून काकांच्या गुडघ्यावर थाप मारली. "बघा की. ती सांगतेय ना." आणि काकांनी बघितलं. धवला संपेपर्यंत बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

गाणं संपलं, परत खतं आली. आईनं दोर सोडला. बांबू घसरला, आणखी कौलं घेऊन काठीसकट परसात आपटला आणि पांढरी काठी मधोमध चिरली. आई हात झटकत घरात आली, ओटीवरून. तळहाताला रक्त आलं होतं ते तिनं लुगड्याला पुसलं. बायका तिला काहीबाही सांगायला लागल्या, अशी दिसत होतीस नि तशी दिसत होतीस. तिनं कुणाचंच ऐकलं नाही. काकांच्या खुर्चीसमोर गेली आणि खाली बसली, मांडी घालून, त्यांच्याकडे तोंड करून. या घरात त्यांच्यासमोर ती कधी बसली नव्हती.

"कशी दिसली मी?" तिनं त्यांना विचारलं.

काका इकडे तिकडे बघायला लागले. भिंतीकडे, टीव्हीकडे, काकीकडे. काकी हसत होती. मग त्यांना मी दिसले.

"सुमे," ते म्हणाले, "आईला सांग, चांगली दिसली."

आई त्यांच्यापासून हातभरावर बसली होती.

"तुमीच सांगा," मी म्हटलं.